आरसी बोटीचं लाकूड आधी आतून बंद करा

बडोद्याच्या करेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या 14 वर्षांच्या मुलाने सुट्टीत 75 सेंटिमीटर लांबीची रिमोटची बोट बनवली. 4 मिलिमीटर प्लायच्या फ्रेम, त्यांवर बाल्साच्या, म्हणजे हलक्या मऊ लाकडाच्या, पट्ट्या आणि बाहेरून ऑइल पेंटचे तीन हात. पहिले दोन रविवार बोट झकास चालली. तिसऱ्या रविवारी ती एका बाजूला कलायला लागली. घरी आणून पाहिलं तर तळाचा रंग फुगलेला, आणि आठवडाभरात दोन पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढी फट पडली. मुलगा हिरमुसून बसलाय. बाहेरून आणखी कुठला रंग लावला तर पाणी शिरणार नाही, असं त्या विचारतात.

ताई, बाहेरून कुठलाही रंग लावलात तरी ही बोट पुन्हा फुगेल, कारण तिचं लाकूड आतून उघडं आहे. तीन हात रंग बाहेर आणि आत काहीच नाही, ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या बोटीत होते. माझ्याही झाली होती. मी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये 31 वर्षं लाकडाचे साचे बनवले. ओल्या वाळूत दाबायच्या साच्यावर आधी चपड्याचे हात चढवायचे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. तरीही 1994 च्या पावसाळ्यात मी बोट केली ती बाहेरून आरशासारखी चकचकीत आणि आतून कोरं लाकूड. मोटरच्या शाफ्टच्या, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, नळीतून दर खेपेला चमचाभर पाणी आत यायचं. ते तळाच्या पट्ट्यांनी प्यायलं, पट्ट्या फुगल्या आणि बाहेरचा रंग आतून ढकलला जाऊन पापडासारखा उचलला गेला. मी मात्र महिनाभर बाहेरून भेगा शोधत बसलो होतो.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. नळ्या लांबीच्या दिशेने जातात, म्हणून फळीचं कापलेलं टोक ज्या वेगाने पाणी ओढतं त्याच्या पासंगालाही तिचा सपाट भाग पुरत नाही. पाणी या नळ्यांच्या भिंतीत मुरलं की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी मुरेपर्यंत हे फुगणं चालतं. त्यापुढचं पाणी नुसतं पोकळीत साठतं, त्याने फक्त वजन वाढतं. आता बोटीचा विचार करा. रुंदीच्या बाजूने पट्टीला पट्टी लागलेली आहे. प्रत्येकीने अर्धा मिलिमीटर जागा मागितली की कुठला तरी सांधा सुटणारच.

कच्छच्या मांडवीला, म्हणजे आपल्या गावातली मांडवी नव्हे, रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात. तिथे फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरतात. जहाज पाण्यात उतरलं की फळ्या फुगून एकमेकींना दाबतात आणि सांधे आणखी घट्ट होतात. पण ते जहाज महिनोन्महिने पाण्यातच राहतं. आपली बोट आठवड्यातून तासभर पाण्यात असते आणि बाकी सगळा वेळ कपाटावर, तेही बडोद्यात, जिथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि ऑगस्टमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. फुगणं-आक्रसणं, फुगणं-आक्रसणं असं तिचं वर्षभर चालू राहतं. म्हणून जुन्या जहाजांचा उपाय आपल्याला चालत नाही. लाकूड आतून, बाहेरून आणि प्रत्येक कापलेल्या टोकाला असं बंद करायचं की पाणी सोडा, हवेतला दमटपणाही फारसा आत जाऊ नये. मग ते हलतच नाही, आणि वर कुठलाही रंग टिकतो.

तुमच्या बोटीत सध्या पाणी मुरलेलं आहे, ते आधी काढू. बॅटरी, मोटर, सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर), रिसीव्हर सगळं बाहेर काढा, डेक उघडा ठेवा आणि बोट सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला ओला राहतो आणि बाल्सा चिरतो. कधी वाळली हे हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या आणि मुलाला रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवायला सांगा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशाच एका बोटीची नोंद वहीत आहे: पहिल्या दिवशी 968 ग्रॅम, चौथ्या दिवशी 921, नवव्या दिवशी 897, मग 895, 895, 895. म्हणजे अर्धी वाटी पाणी त्या लाकडात होतं, आणि वरून बोट कोरडी ठणठणीत दिसत होती. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की पुढच्या कामाला लागा. पावसाळ्यात आकडा थांबतच नाही, हवेबरोबर वरखाली होतो. तसं झालं तर सरळ दसऱ्यापर्यंत थांबा. ओलं लाकूड बंद केलं तर ते पाणी आपणच आत कोंडून ठेवतो.

जुना ऑइल पेंट पूर्ण खरवडून काढा. त्याच्यावर लावलेलं काहीही लाकडाला धरत नाही, रंगाला धरतं, आणि रंग सुटला की सगळंच सुटतं. पेंट रिमूव्हर वापरू नका, बाल्सा तो पिऊन टाकतो. पत्र्याच्या धारदार पट्टीने हलक्या हाताने खरवडा, मग 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर. फटीत गाडीवाल्यांची लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा मोह होईल, पण तिथे बाल्साची बारीक चीप एपॉक्सी लावून बसवा आणि वाळल्यावर घासून सपाट करा. लांबी वाळताना आक्रसते आणि नंतर पाणीही धरते.

आता रेझिन, म्हणजे ज्याने लाकूड बंद करायचं तो कडक होणारा चिकट द्रव. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि दुकानदार दोन्हींना 'फायबरचं रेझिन' म्हणतो. पाण्याच्या टाक्या आणि पत्रे बनवणाऱ्यांचं स्वस्त असतं ते पॉलिस्टर. त्याला कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या लागतात. ते लाकडाला एपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, वास भयंकर येतो आणि आत तरंगण्यासाठी थर्मोकोल भरला असेल तर तो विरघळवून टाकतं. शिवाय एक गंभीर गोष्ट: कोबाल्ट आणि तो हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, जोरात पेट घेऊ शकतात. 14 वर्षांच्या मुलाच्या हातात ही जोडी मी देणार नाही. आपल्याला हवं ते पातळ, लॅमिनेटिंगचं एपॉक्सी. छोट्या दोन ट्यूबमधलं पाच मिनिटांत धरणारं एपॉक्सी चिकटवायला ठीक, पण ते जाड असतं, लाकडात उतरत नाही. तुमच्या बोटीचं बाहेरचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरच्या आसपास भरेल. एका पातळ हाताला 25 ते 30 ग्रॅम लागतं, म्हणून अर्ध्या किलोच्या पॅकमध्ये आतबाहेर सगळं होऊन उरेल.

यात सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती मिश्रणाच्या मापात. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एका प्रकारात 100 ग्रॅम रेझिनला 10 ग्रॅम हार्डनर असतो. दुसऱ्या प्रकारात प्रमाण वेगळं असतं, तुमच्या डब्यावर जे लिहिलंय तेच पाळा. 20 ग्रॅम रेझिन घेतलं तर हार्डनर झाला 2 ग्रॅम, आणि स्वयंपाकघरातल्या काट्याला 2 आणि 2.5 मधला फरक दिसत नाही. म्हणजे पंचवीस टक्के चूक झाली आणि आपल्याला पत्ताच नाही. इथे सोनारकामाचा छोटा खिशातला काटा हवा, तो महागही नसतो. 'थोडा जास्त हार्डनर टाकू, लवकर वाळेल' हा हिशोब ऑइल पेंटच्या टर्पेंटाइनमधून आलेला आहे. एपॉक्सी वाळत नाही, त्यात रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं. हार्डनर जास्त झाला तरी आणि कमी झाला तरी ते चिकटच राहतं, आणि ते चिकट रेझिन लाकडावरून काढणं हे नवीन बोट बनवण्यापेक्षा जास्त काम आहे. दोन मिनिटं ढवळा, कपच्या कडा आणि तळ खरवडून ढवळा, मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळा. कपात साठा करून ठेवू नका. साचलेलं एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि धूर काढतं. ढवळून झालं की पसरट ताटलीत ओता. उन्हाळ्यात दर 10 अंशांना हातातला वेळ जवळपास निम्मा होतो. म्हणून मी हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करतो.

हातमोजे आधी, काम नंतर. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की जन्मभर जात नाही. पॅटर्न शॉपमधल्या माझ्या एका सहकाऱ्याला ती लागली आणि त्याला ते काम कायमचं सोडावं लागलं. हाताला लागलं तर थिनरने पुसू नका, थिनर ते कातडीत आणखी खोल नेतो. साबण आणि पाणी. घासताना नाकाला मास्क.

वेळ संध्याकाळची निवडा. बोट दुपारभर गरम खोलीत असू द्या आणि तापमान उतरायला लागलं की पहिला हात द्या. लाकडातली हवा थंड होत आक्रसते आणि रेझिन आत ओढून घेते. सकाळी लावलंत तर उलटं होतं, तापणारी हवा बाहेर येते आणि पृष्ठभागावर फोड उठतात. रेझिन पातळ करायला ॲसिटोन टाकू नका. तो उडून जाताना मागे बारीक छिद्रं ठेवतो, आणि छिद्रंच तर बुजवायची आहेत. हवं तर रेझिनचा डबा, झाकण घट्ट लावून, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुरेसं पातळ होतं.

सुरुवात आतून. ब्रशचे केस अर्धे कापून आखूड करा, म्हणजे कोपऱ्यात जोर देता येतो. जिथे फ्रेम आणि पट्टी भेटतात तो कोपरा, कीलच्या (तळाच्या मधल्या लांब कण्याच्या) दोन्ही बाजू आणि प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडा यांना रेझिन पाजत राहा. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा: जिथे चमक गेली, लाकूड कोरडं दिसतंय, तिथे आणखी. कापलेली टोकं तीन-तीनदा मागतात. आणि एक छोटी गोष्ट, जी मी प्रत्येक बोटीत करतो: प्रत्येक फ्रेमच्या तळाशी, कीलजवळ, 4 मिलिमीटरचं भोक पाडा. आत आलेलं पाणी मग कप्प्याकप्प्यात अडकून राहत नाही, बोट उभी धरली की मागे एका जागी जमतं आणि स्पंजने टिपता येतं. पण त्या भोकाच्या आतली कड म्हणजे पुन्हा कापलेलं लाकूडच. कान साफ करायची काडी एपॉक्सीत बुडवून प्रत्येक भोकातून फिरवा. माझ्या हातात आलेल्या फुगलेल्या बोटींपैकी निम्म्यांची सुरुवात असल्याच एखाद्या भोकातून झालेली होती.

दुसरा हात पहिला पूर्ण कडक व्हायच्या आत द्या. अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण रेझिन बोटाला येत नाही, ही ती वेळ. ती चुकली आणि रात्र उलटली, तर आधी पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुवा. दमट हवेत एपॉक्सीवर मेणासारखा ओशट थर येतो. न धुता घासलं तर तो पॉलिश पेपरने आणखी आत रगडला जातो, आणि वरचा रंग महिन्याभरात सुटतो. हा थर पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नाही, म्हणून धुणं पाण्यानेच.

बाहेरून नुसतं एपॉक्सी पुरेल, पण बाल्सा मऊ आहे. तळ्याच्या पायरीला एकदा ठेच लागली की खड्डा आणि खड्ड्यातून पाणी. म्हणून बाहेरून काचेचं कापड चढवा, 50 ते 80 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, विणलेलं. दुकानदार तुमच्या हातात 450 ग्रॅमची मॅट देईल, कारण सगळे तीच नेतात. ती घेऊ नका. पाव चौरस मीटरला मॅटच 110 ग्रॅम, आणि ती स्वतःच्या दुपटीहून जास्त रेझिन पिते, म्हणजे बोट साडेतीनशे ग्रॅमने जड झाली. तुमच्या मापाच्या बोटीवर साधारण किलोभर वजन वाढलं की ती एक सेंटिमीटर खाली बसते, तेव्हा हा तोटा डोळ्यांनी दिसेल. बारीक कापड रेझिनसकट पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं. बोट उलटी ठेवा, कापड कोरडंच अंथरा, हाताने सुरकुत्या काढा, मग कीलवर रेझिन ओतून जुन्या एटीएम कार्डाने मधून काठाकडे ओढा. भिजलं की कापड दिसेनासं होतं. पांढरा ठिपका दिसला तर तिथे खाली हवा आहे, पुन्हा दाबा. विणीचे खड्डे भरायला आणखी दोन हात लागतील. आठवडाभर कडक होऊ द्या, धुवा, मग 220, 320, 400 नंबरने पाण्यात घासा. उन्हात एपॉक्सी पिवळं पडून भुकटी होतं, म्हणून वर रंग हवाच. मोटारसायकलच्या टाक्या रंगवणाऱ्याकडून प्राइमर आणि टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारून घेतलात तर सगळ्यात टिकाऊ.

आता त्या जागा जिथून तुमच्या बोटीत खरं तर पाणी आलं. डेकवर, सुकाणूला, मोटरला जेवढे स्क्रू आहेत, ते सगळे लाकडात कोरडी भोकं पाडून बसवलेले असणार. स्क्रू काढा, त्याच्या दुप्पट जाडीचं भोक पाडा, ते एपॉक्सी आणि लाकडाच्या बारीक भुशाच्या लगद्याने भरा. कडक झालं की त्याच्या मधोमध स्क्रूचं नेहमीचं भोक पाडा. आता स्क्रूभोवती लाकूड नाहीच, नुसतं एपॉक्सी आहे, पाणी पिणार कोण? शाफ्टची पितळी नळी बाहेरून 80 नंबरने खरबरीत करा, ॲसिटोनने पुसा आणि मगच त्याच लगद्यात बसवा. गुळगुळीत पितळ एपॉक्सीत टिकत नाही. नळीचं आतलं तोंड जमेल तेवढं वर, पाण्याच्या रेषेच्या वर आणा, आणि नळीत ग्रीस भरा. सुकाणूच्या दांड्याची नळीही तशीच, तिचं वरचं तोंड पाण्याच्या वर. डेकच्या झाकणाला 8 मिलिमीटर उंचीचा काठ करा आणि झाकण त्यावरून डब्यासारखं बसू द्या. सपाट डेकवर नुसती टेप लावून काम भागत नाही.

रंगानंतर, मोटर बसवण्याआधी, परीक्षा. बोटीचं वजन लिहा. आत शाफ्टजवळ आणि नाकाशी टिश्यू पेपरचे तुकडे ठेवा. बॅटरी-मोटरच्या वजनाइतकी वाळूची पिशवी घालून ती रात्रभर बाथरूममधल्या मोठ्या टबात तरंगत ठेवा. सकाळी टिश्यू पाहा, बोट बाहेरून पुसा, वजन करा. टिश्यू ओला असेल तर जागा सापडली. टिश्यू कोरडा, पण वजन पाच-सात ग्रॅमने वाढलं, तर लाकूड कुठेतरी उघडं आहे आणि बाहेरून पीत आहे. वाळवा, शोधा, पुन्हा टबात. एक-दोन ग्रॅम म्हणजे पुसायचं राहिलेलं पाणी.

चालवायच्या जागेबद्दल थोडं. विश्वामित्री नदीत बोट कितीही सुंदर चालेल असं वाटलं तरी तिथे जायचं नाही. मगरी आहेत, आणि बोट बंद पडली की मुलं पाण्यात उतरतात. छोटं, पायऱ्यांचं, जिथे मोठी माणसं सोबत असतील असं तळं बघा किंवा एखाद्या ओळखीच्यांच्या शेतातली टाकी. उत्तरायणानंतरचे दोन महिने जपून. पाण्यात मांजाचे तुकडे असतात. मांजा बोटीच्या पंख्याला गुंडाळला जातो, शाफ्ट आणि नळीच्या मधे शिरतो, काच लावलेली दोरी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी, घासते आणि तिथून पाणी यायला लागतं. प्रत्येक फेरीनंतर पंखा बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर चालवणं थांबवून दोरा काढा. घरी आल्यावर झाकण उघडं ठेवा. तापलेली बोट गार पाण्यात उतरली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन जमते, झाकण बंद ठेवलं तर ते पाणी रात्रभर आतच राहतं. आणि महिन्यातून एकदा वजन करून त्या वहीत लिहीत राहा. रंगाला फोड यायच्या कितीतरी आधी काटा सांगतो.

या सगळ्यात नळी बसवायचं काम एकट्याला जमत नाही, एकाने शाफ्ट सरळ रेषेत धरावा लागतो आणि दुसऱ्याने लगदा भरायचा. वजन तीन दिवस स्थिर आलं की मुलाला बोट आणि वही घेऊन दांडिया बाजारात माझ्याकडे पाठवा, ते आम्ही दोघं मिळून करू.